फाल्गुनातली जंगलफेरी : येऊरच्या डोंगरात फेरी कोणत्या बाजूने घालावी?

रानवाट (ठाणे)

ठाण्याजवळच्या, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या येऊरच्या डोंगराविषयी पावसाळ्यात भरपूर लिहिले जाते. माघ सरून फाल्गुन लागतो तेव्हाच्या येऊरविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि त्यामुळे होळीच्या मागेपुढे डोंगरात जाणारी मंडळी पावसाळ्यातल्याच सवयी बरोबर घेऊन जातात. हा धागा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंतच्या दिवसांसाठी आहे. या दिवसांत सागाची पाने गळून गेलेली असतात, पळस आणि पांगारा फुललेले असतात आणि ऊन अजून वैशाखाचे झालेले नसले तरी अकरानंतर ते सोसवत नाही.

मला मांडायचा मुद्दा एकच आहे. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचे असेल तर दिशेचा प्रश्न उद्भवत नाही. पण फेरी घालून दुसऱ्या वाटेने उतरायचे असेल, तर या ऋतूत ती कोणत्या बाजूने सुरू केली यावर सगळा दिवस ठरतो. उघडा, पानगळीचा उतार सकाळी आधी चढून संपवावा आणि ओढ्याकाठची सावलीची वाट परतीसाठी राखून ठेवावी, असे माझे मत आहे. बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण ओढ्याची वाट सुरुवातीला सोपी आणि मोहक वाटते. मग ऐन उन्हात, पाणी निम्म्यावर आलेले असताना, पानांशिवाय उभ्या असलेल्या सागातून त्यांना धार, म्हणजे डोंगराची माथ्यावरची कड, गाठावी लागते.

यामागचे कारण आपल्या डोंगराच्या घडणीत आहे. ठाणे आणि बोरिवलीच्या मधला हा सगळा पसारा बेसॉल्ट खडकाचा आहे. उतारावर मातीचा थर पातळ असतो, पावसाचे पाणी तिथे फार काळ टिकत नाही, आणि म्हणून साग, ऐन, कुडा, काटेसावर ही उतारावरची झाडे ओलावा संपत आला की पाने टाकून देतात. ओढ्यांच्या काठी माती खोल असते आणि वरचे पाणी आटले तरी खाली ओल राहते. तिथे आंबा, जांभूळ, करंज मार्चमध्येही हिरवेगार असतात. ठाण्याकडचे उतार पूर्वेला तोंड करून असल्यामुळे सूर्य वर आला की पहिले ऊन त्यांच्यावरच पडते, आणि पाने नसल्याने ते थेट कातळावर आणि वाळलेल्या पाचोळ्यावर पडते. त्यात आणखी एक गोष्ट घडते, ती डोंगरात नेहमी फिरणाऱ्यांना चांगली ठाऊक असेल. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा सकाळी उशिरा पडतो, आणि खारा वारा सुरू होईपर्यंत मधे काही वेळ हवा पूर्ण थांबते. दिवसाचा सर्वांत गुदमरवणारा काळ तोच, आणि त्या वेळी माणूस सावलीत असला पाहिजे.

या दिवसांत सूर्योदय सातच्या सुमारास किंवा त्याआधी होतो. पूर्ण उजाडल्यावर निघावे, काळोखात मुळीच नको, आणि धारेवर साडेनऊपर्यंत पोहोचावे. धारेवरून पलीकडे उतरण्यापूर्वी घड्याळ आणि पाणी दोन्ही पाहावे. फेरीचा अर्धा टप्पा ओलांडल्यावर मागे फिरायला पुढे जाण्याइतकाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि मधून सुटणारी जवळची वाट जंगलात सहसा नसते. तेव्हा निर्णय तिथेच घ्यायचा. निम्म्याहून कमी पाणी उरले असेल तर आल्या वाटेने परत जावे. ओढ्यातल्या डबक्यावर भरवसा ठेवू नये. ती डबकी आता जनावरांची आहेत. माणशी तीन लिटर पाणी जड वाटते, पण या ऋतूत मी त्याहून कमी सुचवणार नाही.

पायांखालच्या गोष्टी पावसाळ्यापेक्षा पूर्ण वेगळ्या असतात. सागाचे वाळलेले पान मोठे, ताठ आणि गुळगुळीत असते. उतारावर त्यांचा थर साचला की पाय घसरतो, आणि खाली खड्डा आहे की सुटा दगड हे दिसत नाही. घसाऱ्यावर असा पाचोळा पसरला असेल तर काठीने आधी चाचपून मगच भार टाकावा. पावसाळ्यात आपण कारवी या झुडपाचा दांडा धरून सर्रास वर चढतो, पण कारवी आठ वर्षांनी एकदा फुलून बी टाकल्यावर मरते, आणि तिचे मेलेले दांडे पुढे बराच काळ जागच्या जागी उभे असतात. दिसायला ते भक्कम असतात, हातात मात्र कडकन मोडून येतात. या मोसमात कारवीला धरून चढू नये.

पाचोळ्यात घोणस आणि फुरसे सहज लपतात. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून एकदम पलीकडे पाऊल टाकू नये. आधी ओंडक्यावर पाय ठेवून पलीकडे पाहावे आणि मगच उतरावे. खाजकुयलीच्या शेंगाही याच काळात वाळतात. वाटेवर लोंबणारी भुरी, मखमली शेंग दिसली तर तिला हात लावू नका आणि खांद्याने घासूनही जाऊ नका. कुसळे अंगाला लागलीच तर चोळल्याने ती आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढावीत आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. या एका कारणासाठी माझ्या सॅकमध्ये चिकटपट्टीचे रीळ असतेच.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा त्याविषयी. पाने गळल्यामुळे पावसाळ्यात हिरव्या भिंतीआड दडलेला डोंगर या दिवसांत सगळा उघडा दिसतो. कोणती सोंड कुठे उतरते, ओढे कुठे मिळतात, धार कुठे अरुंद होते हे एका नजरेत कळते, आणि ज्याला जंगलाची रचना शिकायची आहे त्याने याच ऋतूत यावे. कांडोळाचे पांढरे खोड उघड्या उतारावर दुरून ओळखू येते. ऐनाच्या खोडावरच्या चौकोनी भेगा सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. कौशी बिनपानांची असताना शेंदरी फुलांनी भरते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात. आणि काटेसावर किंवा पांगारा फुललेला असेल तर त्याच्याखालून घाईने जाऊच नये. सकाळच्या पहिल्या दोन तासांत त्या एका झाडावर बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, पोपट आणि परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच्या पळसमैना असा सगळा मेळा मधासाठी जमतो. खाली पडलेली काटेसावरीची मांसल फुले चितळे खातात, म्हणून झाडाखालची माती वाचायला शिकावे.

वाटेचे टप्पे मी मुद्दाम दिलेले नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, त्याचा मोठा भाग ठाण्याच्या बाजूला येतो, आणि त्यातली कोणती वाट कधी खुली आहे हे वनखाते ठरवते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाणे हा गुन्हा आहे. नाक्यावर विचारावे, नोंद करावी, शक्यतो पाड्यातला माहीतगार वाटाड्या घ्यावा.

पारसिककर (कळवा)

लेख फार उपयोगी आहे, रानवाट. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. पाणी फक्त ओढ्यात आणि वनखात्याने भरलेल्या पाणवठ्यांत उरलेले असते, म्हणजे जनावरांची ये-जा तिथेच वाढते. मग माणसांनी दमलेल्या अवस्थेत, लक्ष उडालेले असताना, नेमक्या त्याच भागातून परतणे कितपत योग्य आहे? सकाळी ताज्या अंगाने ओढा पार करावा आणि दुपारी उन्हाचा त्रास सोसावा, हे मला तुलनेने सुरक्षित वाटते. बिबट्याचे हे जंगल आहे, हे आपण विसरता कामा नये.

रानवाट

आपली शंका रास्त आहे, आणि तिच्यामुळे वेळेचे गणित अधिक नेमके मांडता येईल. बिबट्याची हालचाल मुख्यतः संध्याकाळपासून सकाळी उजाडेपर्यंत असते. चितळे आणि वानरेही ऐन दुपारी सावलीत विसावलेली असतात. ओढ्यातून सकाळी लवकर जाणे हे भर दुपारी जाण्यापेक्षा उलट जास्त जोखमीचे आहे, कारण रात्री पाण्यावर आलेले जनावर तेव्हा जवळपास असण्याची शक्यता अधिक असते. साडेनऊला धार सोडली तर ओढ्याचा टप्पा अकरा ते एकच्या दरम्यान येतो. माझी अट एवढीच की पाणवठ्यावर थांबायचे नाही, तिथे डबा उघडायचा नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत तीननंतर ओढ्यात राहायचे नाही. उशीर झाला असेल तर ओढ्यात उतरूच नये.

चालताना हलक्या आवाजात बोलत राहावे. वानराचा खाकरल्यासारखा इशारा किंवा चितळाची तीक्ष्ण हाक पुन्हापुन्हा एकाच बाजूने येऊ लागली, तर तिथे काय आहे ते पाहायला जाण्याचा मोह टाळावा आणि सगळ्यांनी एकत्र येऊन वाटेने पुढे सरकावे. बिबट्या समोर दिसलाच तर पळू नये आणि खाली वाकू नये. मुलांना जवळ घेऊन, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. आणि कुत्रा बरोबर आणू नये. हा मुद्दा मी दरवेळी लिहितो, कारण तरीही लोक आणतात.

सावरी (खारघर)

आमच्या बाजूचे दोन शब्द लिहिते. खारघरच्या डोंगरावर या दिवसांत मोठी फेरी घालू नये, असे माझे मत आहे. सकाळी फणसवाडीपर्यंत जाऊन परतावे, कारण वरच्या माळावर सावली जवळजवळ नाही आणि रानवाट यांनी सांगितलेला दुसरा, थंड अर्धा भाग तिथे मिळतच नाही.

त्यापेक्षा पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य नवी मुंबईकरांना जवळ आहे. १९६८ मध्ये ते जाहीर झाले, आणि हरियाल व मोरटाका या तिथल्या निसर्गवाटा आखलेल्या असल्यामुळे नवख्या माणसाला वाट चुकण्याची भीती कमी असते. जंगलही येऊरच्या उतारापेक्षा दाट आहे. पक्षी पाहायचे असतील तर याच वाटांवर सकाळ घालवावी आणि किल्ल्याचा मोह धरू नये. मोहाचे कारण मला समजते. तो अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनच खुणावतो, आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यांचे शिरढोण गाव इथून जवळच आहे. पण सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. फुलोऱ्याच्या दिवसांत माश्या जास्त असतात. धूर, अत्तर, उग्र वासाचे तेल, मोठा आवाज, दगड मारणे, यांपैकी काहीही तिथे चालत नाही. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान झाकून, हात न झाडता, दाट झाडीकडे लांब निघून जावे. एका जागी बसून राहिल्याने त्या सोडत नाहीत.

पाऊलखुणा (घोडबंदर रस्ता)

रानवाट दादा, आमच्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे आणि पासष्टीच्या सासूबाई आहेत. सासूबाई रोज उपवनला फिरायला जातात, त्यामुळे चालण्याची सवय आहे, पण गुडघे उतरताना दुखतात. दोघींनाही पळस फुललेला दाखवायचा आहे. आम्ही फेरी घालावी का?

रानवाट

ताई, पूर्ण फेरी घालू नये. सासूबाईंच्या गुडघ्यांना पाचोळ्याचा उतार सोसणार नाही, आणि फेरीत तो कुठेतरी येणारच. मुलगी चालेल, परंतु लहान मुले पाणी मागत नाहीत आणि एकदम गळून जातात, म्हणून तिच्यासाठी ठरावीक अंतराने थांबणे आवश्यक आहे. आपण मानपाड्याच्या निसर्ग परिचय केंद्राकडे चौकशी करावी. तिथून आखलेल्या वाटेवर सकाळी जाऊन नऊपर्यंत परत येता येते. येऊरलाच यायचे असेल तर ठाणे स्थानकावरून परिवहनची बस वर जाते, आणि पाड्यांमधल्या डांबरी रस्त्यावरून सपाट चालतानाही फुललेली झाडे दिसतात. पळस दाखवण्यासाठी खोल जंगलात जावे लागत नाही. तो उघड्या माळाचे झाड आहे आणि रस्त्याच्या कडेलाच अधिक भेटतो. मुलीला खाली पडलेलेच फूल उचलू द्या. ते पाण्यात भिजवून होळीचा केशरी रंग घरीच करता येईल.

तिला आणखी एक झाड दाखवा. या दिवसांत एखादे झाड फुलांशिवायच लालभडक दिसेल; तो कुसुम. त्याची कोवळी पालवीच लाल असते आणि काही दिवसांत ती हिरवी होते, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा गेलात तर तेच झाड ओळखूही येणार नाही.

जाळरेषा (वागळे इस्टेट)

वरच्या चर्चेत वणव्याचा विषय आला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वनखात्याच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत असतो, म्हणजे या धाग्यातली फेरी नेमकी त्याच्या तोंडाशी येते. त्याआधी जाळरेषा काढतात. म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातला पाचोळा आणि गवत काढून किंवा जाळून टाकतात, जेणेकरून आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये. अशा पट्ट्यावर चालताना तिथे फांद्या किंवा पाने ओढून टाकू नका, बसण्यासाठी पाचोळ्याची गादीसुद्धा करू नका.

आपल्याकडचा वणवा आपोआप लागत नाही. विडी-सिगारेटचे थोटूक, चहासाठी मांडलेली तीन दगडांची चूल, कुणी तरी मुद्दाम लावलेली आग, हीच कारणे असतात. उंच झाडे सहसा उभी राहतात, पण जमिनीवरून सरकणारी आग रोपे, सरडे, जमिनीवरची घरटी आणि अंडी, सगळे संपवून टाकते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की या मोसमात चूल, स्टोव्ह, काडेपेटी यांतले काहीही सॅकमध्ये ठेवू नये. डबा थंड खावा.

धूर दिसला तर त्याची जागा मनात नोंदवून लगेच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आग चढाच्या दिशेने फार वेगाने धावते, त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूला राहू नये आणि उतारावरच्या चिंचोळ्या घळीत कधीही शिरू नये. तिथून ज्वाळा धुराड्यातून आल्यासारख्या वर येतात. आडवे चालत बाजूला व्हावे, आणि मोकळा कातळ, रस्ता किंवा आधीच जळून गेलेली जमीन गाठावी. प्रशिक्षण नसताना फांदीने आग झोडपण्याचे धाडस करू नये. पाड्यातले लोक ते काम करतात, पण वारा कुठे वळतो हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगले कळते.

रानवाट

जाळरेषा काका, मनापासून आभार. हे मूळ लेखात असायला हवे असे वाटल्याने संपादकांना विनंती करून आपला प्रतिसाद वर जोडून घेत आहे. कारवीविषयी एक भर घालतो. उद्यानातली कारवी २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर फुलली होती, आणि तिचे चक्र आठ वर्षांचे. फुलोऱ्यानंतर मेलेले दांडे आगीला उत्तम जळण ठरतात, त्यामुळे फुलोरा होऊन गेलेल्या भागात धूर दिसल्यास अधिक सावध राहावे.

उपवनकाठ (ठाणे)

सर्पदंशाविषयी कोणी लिहिलेले नाही. आम्ही काही मित्र पुढच्या आठवड्यात परवानगी घेऊन जाणार आहोत. आमच्यात वैद्यकीय शिक्षण झालेले कोणी नाही. नेमके काय करावे आणि काय टाळावे?

पारसिककर

दंश झालेल्याला चालवू नका. बसवा किंवा आडवे करा आणि धीर द्या. अंगठी, कडे, घड्याळ, घट्ट बूट लगेच काढा, कारण सूज चढते. हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा. दोरीने करकचून आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, बर्फ किंवा पाला लावणे, यांतले काहीही करू नका. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयाकडेच थेट न्या; मंत्र-तोडग्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. जंगलाच्या आत मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून धारेवर कुठे संपर्क मिळतो ते जाताना पाहून ठेवा. रानवाट यांच्या फेरीच्या दिशेचा एक फायदा मला आता पटला आहे : संपर्क मिळण्याची जागा आपल्याला आधीच ठाऊक झालेली असते.

उपवनकाठ

धन्यवाद. शेवटचा प्रश्न. कपडे आणि बूट कसे असावेत? आमच्यातल्या दोघांकडे धावण्याचे हलके बूट आहेत, आणि एक जण अर्ध्या पँटमध्ये येणार म्हणतो.

रानवाट

पायघोळ पँट आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट प्रत्येकाने घालावा. मातकट किंवा फिका हिरवा रंग बरा. अर्ध्या पँटमध्ये येणाऱ्या मित्राला करवंदीचे काटे, गोचीड आणि खाजकुयली यांची कल्पना आधीच द्यावी. मोजे पँटवर चढवले तर गोचीड आत शिरत नाही, आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत व कमरेभोवती पाहून घ्यावे. धावण्याच्या बुटांचा तळ झिजलेला नसेल तर चालेल, पण घोटा झाकणारे बूट पाचोळ्यात अधिक भरवशाचे ठरतात. प्रत्येकाकडे टोपी आणि शिट्टी असावी. पाण्यापैकी एका बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी असू द्या, आणि ती बाटली धारेवरून उतरायला लागेपर्यंत उघडू नका. निघण्यापूर्वी घरी परतीची वेळ आणि कोणत्या नाक्यावर नोंद केली आहे हे लिहून ठेवा. तुम्ही परत आलात की ओढ्याला किती पाणी शिल्लक आहे आणि कोणती झाडे फुलात आहेत ते इथे कळवा. त्यानुसार पुढच्या मंडळींना तारीख ठरवता येईल.